शुद्ध सारंगाची सोयरीक

लिंबायत, सुरत
१६ सप्टेंबर २०२४

श्रीमती हेमलताताई इंगळे, विहीणबाईंना चंद्रभागा सुरवाडे हिचा सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे अकोल्याहून सुखरूप पोचलो. साखरपुडा तुम्ही फार नेटका केलात. लोकेशचे पप्पा गाडीत भुसावळ येईपर्यंत तुमच्या घरच्या भरल्या वांग्यांचंच बोलत होते. चैतालीच्या मापाचे ब्लाउज शिवून झाले. ते या पार्सलात आहेत, आणि त्यांच्याच घडीत ही चिठ्ठी घालते आहे.

चिठ्ठी कशाला, फोन नाही का, असं तुम्ही म्हणाल. अहो, फोन लावला की आमच्याकडे हे स्पीकर चालू करतात, तुमच्याकडे चैताली करते. मग दोन्हीकडची माणसं एकमेकांना जेवण झालं का विचारतात आणि फोन संपतो. मला जे विचारायचंय ते सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते.

पंगत बसली तेव्हा तुमच्या आतल्या खोलीत कुणाचं गाणं चाललं होतं? बाई गात होती. दुपारचा राग होता एवढं कळलं. एका जागी ती वर जाऊन थांबली आणि खाली यायच्या ऐवजी बाजूलाच कुठेतरी पाय टाकला, जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी तसा. माझा घास हातातच राहिला. पुढे काय झालं ते ऐकायचं होतं, तेवढ्यात कुणीतरी जिलबी वाढायला आलं आणि दार लोटलं. तेव्हापासून मला चैन नाही.

मी काही शिकलेली नाही. घरी बसून पर्वत पाटियाच्या मार्केटच्या साड्यांना लेस लावते. हात साडीवर आणि कान रेडिओवर, लग्न होऊन सुरतेत आले तेव्हापासून असंच आहे. रागांची नावं निम्मी चुकतात. पण एवढं सांगाच.

तुमची,
चंद्रभागा

ता. क. हे पत्र लोकेशच्या पप्पांना माहीत नाही. फोनवर बोलू नका.


अकोला
२४ सप्टेंबर २०२४

अहो विहीणबाई, सप्रेम जय भीम!

तुमची चिठ्ठी वाचून मी खुर्चीत बसल्या बसल्या इतकी हसले की चैतालीला वाटलं, ब्लाउज तंग झालेत.

खरं सांगू? साक्षगंधाच्या दिवशी मी तुम्हाला जाम घाबरले होते. पंगतीत तुम्ही कपाळाला आठी घालून, घास हातात धरून, भिंतीकडे बघत बसलात. मी बहिणीला स्वयंपाकघरात ओढून नेलं. म्हटलं, भाजी खारट झाली बाप्पा, विहीण कडक आहे, आपल्या पोरीचं काही खरं नाही! आणि तुम्ही शुद्ध सारंग ऐकत होता!

हो, तो शुद्ध सारंग. गाणारी अंबूताई केळशीकर. नाव फार कुणाला ठाऊक नाही. अमरावतीला एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात बसून गायली होती. माझ्या भावाने टेपवर घेतलं, भाच्याने ते पुढे कॉम्प्युटरवर उतरवलं. मागे कुणाचं तरी बाळ रडतं, कपबशा वाजतात. आणि तुम्ही म्हणता ती जास्तीची पायरी म्हणजे दुसरा मध्यम. या रागात दोन मध्यम असतात. वर जाताना एक, उतरताना दुसरा. नाव नसेना का माहीत, तुम्ही पाय बरोबर तिथेच ठेवलात. मला हे समजायला पुस्तक वाचावं लागलं होतं.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली. वॉर्डात तापाचे तक्ते भरताना मनात आलाप चालायचा. चैतालीचे बाबा होते तोवर म्हणायचे, "हेमा, रेडिओतला माणूस मेला की काय, एकच अक्षर धरून बसलाय!" ते गेल्यापासून तेवढं म्हणणारंही कुणी नाही. घरात कुणी आपणहून "पुढे काय झालं" असं विचारलं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

सोबत पेनड्राइव्ह आहे. लोकेशसाठी घेतलेल्या शर्टाच्या खिशात घातलाय. आधी तुम्ही खिसा बघा.

तुमची विहीण,
हेमलता


लिंबायत, सुरत
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय विहीणबाई,

ऐकलं! पुन्हा ऐकलं! मग मोजायचं सोडून दिलं!

आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमाग चालतात. खटखट, खटखट, भिंती हलतात. अंबूताई सुरू झाली आणि काय सांगू, शेजारचा माग तिच्या ठेक्यात बसला. निदान मला तसं वाटलं. मी तोंडाने "आहा" म्हणते आहे आणि हाताने लेस लावते आहे. सहा वार लेस लावून झाल्यावर बघते तर सगळी उलटी! टिकल्या आतल्या बाजूला. नेसणारीला दिवसभर टोचल्या असत्या. उसवत बसले आणि उसवताना परत तेच लावलं.

त्या कपबशाही मला आवडल्या. बाळ रडतं तेव्हा अंबूताई जरा थांबून हसल्यासारखी गाते, तुम्ही ऐकलंत का? ते पुस्तकात नसणार.

आता माझा नजराणा. पंडित दिगंबर आसोदेकर यांची मुलतानी. भागळला एका दुकानात जुन्या कॅसेटा निघाल्या होत्या, त्यातून मी ही उचलून आणली. दुपारी उन्हं उतरायला लागली की लावते. बुवा तान घेतात तेव्हा मला वाटतं, आपण झोक्यावर उभं राहिलोय आणि खालचं कुणीतरी काही केल्या थांबवत नाहीये. लोकेशने मोबाइल बाजूला ठेवून ती मला पेनड्राइव्हवर उतरवून दिली. तो हल्ली घरी फार नसतो. बमरोलीला मित्राबरोबर कापडावर छपाईचा नवा कारखाना टाकलाय, त्यातच गुंतलेला असतो. चैतालीला वाईट वाटत नसेल ना?

पेनड्राइव्ह हळदीकुंकू रंगाच्या साडीत आहे. साडी तुम्हाला.

तुमची,
चंद्रभागा


अकोला
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय विहीणबाई,

साडी सुंदर आहे. बुवांबद्दल मात्र भांडण.

माणूस गोड आहे, आवाज रुंद आहे, सगळं कबूल. पण तानेवर तान, तानेवर तान! दवाखान्यात एक नवीन पोरगी सलाईनची चकती पूर्ण उघडून चहाला जायची, तिची आठवण आली. अहो, पेशंटला झेपायला नको का? मुलतानीचा जीव त्या कोमल गंधारात असतो. बुवा तिथे जरा टेकले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. ते टेकतच नाहीत. आले, गेले, आले, गेले!

पण एक कबूल करते. शेवटच्या पाच मिनिटांत ते जे खाली येतात, अगदी खर्जात, तिथे मी कुकर बंद करून उभी राहिले. शिट्टी मध्ये यायला नको म्हणून. वरण कच्चं राहिलं. तसंच खाल्लं.

आता थोडं घरचं. चैताली साक्षगंधाची सुटी संपवून पुण्याला गेली, आता दिवाळीला येते आहे. तिची प्रयोगशाळेतली नोकरी पक्की झाली. फोनवर लोकेशशी बोलणं होतं का विचारलं की "होतं गं" म्हणते आणि भांडी घासायची आहेत म्हणून फोन ठेवते. ही मुलगी आपणहून भांडी घासायला जन्मात कधी गेली नव्हती. तुम्हाला काही कळलंय का? सहज विचारते. फेब्रुवारीतलं लग्न, हॉलचं बोलणं झालंय, सगळं छानच आहे.

सोबत अंबूताईचा देसकार. सकाळी आंघोळ झाल्याशिवाय ऐकू नका.

हेमलता


लिंबायत, सुरत
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमलताताई,

तुम्ही बुवांना सलाईन म्हणालात ते मी त्यांना ऐकवलं नाही. कॅसेट उलटी फिरवून ठेवली, तेवढा वेळ त्यांना राग आला असेल तर उतरू दे. बाई, तुम्ही टेकायला शोधता आणि मला पळायला आवडतं. मी अख्खा दिवस एका पाटावर बसून असते. माझ्या वतीने कुणीतरी धावलं तर तुमचं काय जातं? कोमल गंधारावर तुम्ही टेका, मी पुढे जाऊन थांबते.

देसकार मात्र... मी आंघोळीआधीच लावला. धीर धरवला नाही. नंतर परत आंघोळ करून परत लावला. दोन्ही वेळा सारखाच लागला, तुमचा नियम खोटा आहे.

मुलांचं अगदी छान चाललंय. अगदी छान. तुम्ही मुळीच काळजी करू नका. लोकेश खूश आहे, चैतालीचं नाव काढलं की हसतो. छान आहे.

आता मुख्य बातमी, बसून वाचा. अंबूताई केळशीकर सुरतेला येत आहेत! खऱ्या! जिवंत! वय ऐंशीच्या घरात, पण गातात. १२ जानेवारी, रविवार, सकाळी अकराला गाणं. मला पेपरात जाहिरात दिसली ती समोशाच्या पुडीवर. मी समोसा तसाच ठेवून पुडी सरळ करत बसले. लोकेशने दोन तिकिटं काढली. मी विचारलंच नाही तुम्हाला. लग्नाच्या साड्या पसंत करायला तुम्हाला एकदा सुरतेला यायचंच आहे, हो ना? मार्केटात एक तास फिरलं की साड्या झाल्या. बाकीचं आपलं.

याल ना? नाही म्हणू नका.

चंद्रभागा


अकोला
२३ नोव्हेंबर २०२४

चंद्रभागाबाई,

येते! येते! येते!

शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "कोण अंबूताई?" मी म्हटलं, "अरे, तुला शुद्ध सारंगच माहीत नाही, तुला काय सांगू," आणि पाव किलोऐवजी किलोभर गवार घेऊन आले.

गाडीचं आरक्षण झालं. ११ तारखेला संध्याकाळी सुरतेत उतरते. तुमच्यासाठी काय आणू? शेवया आणते, ठेचा आणते, आणि आसोदेकरबुवांसाठी दम लागल्यावर घ्यायला आल्याच्या वड्या.

मुलांचं छान चाललंय हे वाचून फार बरं वाटलं. इकडेही छान आहे. अगदी छान.

हेमलता


अकोला
३० डिसेंबर २०२४

सौ. चंद्रभागाबाईंना सप्रेम जय भीम.

हे पत्र लिहायला घेतलं आणि दोन कागद फाडले.

काल चैतालीने सांगितलं. तिने आणि लोकेशने मिळून ठरवलंय, लग्न करायचं नाही. तुमच्याकडे लोकेशने सांगितलंच असेल. भांडण नाही, तंटा नाही, म्हणून रागवायलाही जागा नाही. ती पुणं सोडणार नाही, तो सुरत सोडणार नाही. मी म्हटलं, हे साक्षगंधाच्या आधी नाही सुचलं? तर म्हणाली, "आई, तेव्हा दोघांनाही वाटलं होतं की दुसरा येईल."

मला दिवाळीपासूनच अंदाज आला होता. मी तुम्हाला "छान आहे" लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर पत्रं थांबली असती. सोयरीकच नाही तर मी कोण, कुठली, तुम्हाला पार्सल पाठवणारी? मुलीच्या संसाराची काळजी करायची सोडून मी देसकाराची काळजी करत होते. सांगायला लाज वाटते.

सुरवाडे साहेबांचा अपमान झाला असेल. नातेवाइकांना काय सांगायचं, हा प्रश्न तुमच्यासमोर आहे. अशा वेळी मी कुठल्या तोंडाने तुमच्या दारात येऊ? माझं तिकीट कुणालातरी द्या. अंबूताई गातील तेव्हा दुसरा मध्यम लागला की माझ्या वाटचंही ऐका.

साडी परत पाठवू का, ते कळवा.

हेमलता इंगळे


लिंबायत, सुरत
४ जानेवारी २०२५

हेमलताताई,

साडी परत पाठवलीत तर मी ती उलटी लेस लावून तुमच्याकडे परत पाठवीन. टोचू दे.

तुम्हाला दिवाळीपासून अंदाज होता? मला दिवाळीच्याही आधी लोकेशने स्वतः सांगितलं होतं! जेवता जेवता म्हणाला, "आई, आमचं जमेल असं वाटत नाही. चैतालीशी बोलतोय, अजून पप्पांना सांगू नकोस." आणि मी बाई त्यानंतर बसून तुम्हाला "अगदी छान" असं दोनदा लिहिलं. तुम्हीही मला दोनदा लिहिलंत. आपण दोघी मिळून चार वेळा खोटं बोललो, आणि तेही एकाच कारणासाठी! हे वाचून मी एकटीच इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी जरा वेळ थांबेचना, ते निराळं.

आता घरचं ऐका. परवा लोकेशने पप्पांना सांगितलं. हे ताटावरून उठले. गिरणीत जन्म गेला, पण कुणापुढे मान खाली घातली नव्हती, आता विहारात रविवारी वंदनेला कसा जाऊ, म्हणाले. माझी जाऊ सरलाबाई लगेच वरच्या मजल्यावरून खाली आली. ती रडली, हे ओरडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता आई काय बोलते. आणि माझ्या तोंडून निघालं, "मग हेमलताताईंच्या तिकिटाचं काय?"

लोकेश हसायलाच लागला. म्हणाला, "आई, चार महिने मी चैतालीला रोज फोन करतोय. जेवलीस का, झोपलीस का, याच्यापुढे आमची गाडी गेली नाही. तुम्ही दोघी एका पत्रात कपबशांवर पानभर बोलता. लग्न खरं तर तुमचं ठरलं होतं."

यांना ते मुळीच आवडलं नाही. सरलाबाई म्हणाली, "मोडलेल्या सोयरिकीची बाई घरात? लोक काय म्हणतील!" आणि हे म्हणाले, "तुला गाणं ऐकायचं तर तू जा. ती बाई या घरात येणार नाही." मी एरवी यांचं ऐकते. या वेळी म्हटलं, "बरं. मग आम्ही दोघी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये राहतो. सकाळी तिथूनच गाण्याला जाऊ." यांनी वर्तमानपत्र उचललं आणि उलटंच धरून वाचायला लागले.

माझ्या मुलाची सोयरीक मोडली, त्याचं मला दुःख आहे. चैताली मला आवडली होती. पण ती दोघं सुखाने हसून वेगळी झाली. आपण दोघी का म्हणून रडून वेगळं व्हायचं?

११ तारखेला संध्याकाळी मी फलाटावर उभी असेन. तुम्ही उतरला नाहीत तर मी त्याच गाडीत चढेन आणि ती जिथे जाईल तिथे जाईन. मग माझ्या घरच्यांना उत्तर तुम्ही द्या.

चंद्रभागा


अकोला
८ जानेवारी २०२५

प्रिय (इथे "विहीणबाई" लिहिलं होतं, खोडलं. आता काय लिहू? शेजारीणबाई म्हणावं तर मध्ये अख्खा खानदेश.)

प्रिय चंद्रा,

तुझं पत्र चैतालीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तू गेली नाहीस तर मी लोकेशशी लग्न करेन आणि दोघांचं वाटोळं होईल. जा."

येतेय. वेटिंग रूममध्ये अंथरायला जाड चादर घेतली आहे. दवाखान्यात बाकावर झोपायची सवय आहे, तू माझी काळजी करू नकोस. मी तुझी करते.

तुला "तू" म्हटलं. चालेल ना? तूही म्हण.

हेमा


अकोला
१७ जानेवारी २०२५

प्रिय चंद्रा,

पोचले. अजून जमिनीवर नाही. काल कणीक मळताना पाण्याऐवजी दूध घातलं, आज चष्मा फ्रिजमध्ये सापडला.

तू स्टेशनवर माझी पिशवी धरून ओढत होतीस आणि म्हणत होतीस, "घरी चल, हे काही बोलणार नाहीत, फक्त दार उघडतील." आणि खरंच, साहेबांनी दार उघडलं, "या" एवढंच म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. रात्रीचं जेवणही तिथेच घेतलं. मला वाटलं, सकाळी उठून सरळ परतीची गाडी धरावी. तू माझा हात धरून ठेवलास म्हणून राहिले.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या घरी असताना सांगता आली नाही, कारण मला सांगू नका म्हणून बजावलं होतं. कुणी, ते ऐक.

अंबूताई मंचावर आल्या. दोघींनी दोन बाजूंनी धरून आणलं. तानपुरे लागले, त्यांनी सा लावला आणि तो फाटला. सभागृहात चुळबुळ झाली. त्या पाणी प्यायल्या आणि माइकमध्ये म्हणाल्या, "आज गळा माझं ऐकत नाहीये. काही हरकत नाही, मीही त्याचं ऐकणार नाही." सगळे हसले. त्यांनी पुन्हा लावला, आणि या वेळी तो जो बसला, तू डोळे मिटलेस. मग शेवटपर्यंत उघडलेच नाहीस. म्हणून तुला ठाऊक नाही.

शुद्ध सारंगाचं विलंबित सुरू झाल्यावर बाजूचं दार हळूच उघडलं आणि तुझे साहेब आत आले. मागे लोकेश. अंगात तो तपकिरी स्वेटर, चेहरा असा, जणू बायकोला हाताला धरून घरी न्यायला आलेत. खांबाजवळच्या खुर्चीवर बसले. मी घाबरून पदर तोंडात धरला. त्यांनी तुझ्याकडे बघितलं.

चंद्रा, तू तेव्हा कशी दिसत होतीस ते तुला कुणी सांगितलं नसेल. तू मान जरा वर केली होतीस. ओठ उघडे, लहान मूल पंगतीत लाडवाची वाट बघतं तशी. गालावरून पाणी ओघळत होतं आणि तू हसत होतीस. साहेब तुझ्याकडे बघतच राहिले. मंचाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या माणसाने तुला इतकी वर्षं लेस लावताना पाहिलंय, पण ऐकताना बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मग अंबूताई त्या जागेवर आल्या. वर जाऊन थांबल्या, थांबल्या, आणि उतरताना तो दुसरा मध्यम. आणि तू ओरडलीस, "अगं बाई!"

तू अजून म्हणतेस की तू नव्हतीस. तूच होतीस! लोक "वाह" म्हणतात, "क्या बात है" म्हणतात. तू "अगं बाई" म्हणालीस, आणि अशी म्हणालीस की तबलजीचा हात हलला. अख्खं सभागृह हसलं. अंबूताईंनी गाणं न थांबवता तुझ्याकडे बघून मान डोलावली, "हो गं बाई!" म्हणाल्या आणि तीच जागा परत घेतली. तुझ्यासाठी! मी खुर्चीवर बसल्या बसल्या उड्या मारत होते, या वयात!

मी खांबाकडे पाहिलं. साहेब तोंडावर हात धरून हसत होते. खांदे हलत होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली, हिला सांगू नका. द्रुत सुरू व्हायच्या आत उठून गेले.

आपण घरी पोचलो तेव्हा ते दारात उभे होते, हातात फरसाणवाल्याकडच्या गरम लोचोच्या पुड्या घेऊन, आणि किती साळसूदपणे विचारलं, "कसं झालं गाणं?" तू मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजलीस, "यांना काय झालं अचानक? चमत्कारच आहे!" तोंडात लोचो होता म्हणून वाचले.

मला सांगू नका म्हणून बजावलं होतं, पण मी शब्द दिला नव्हता. म्हणून लिहिलं.

आणखी एक. अमरावतीचा माझा भाऊ घर बदलतोय. माळ्यावर कॅसेटांचं एक खोकं निघालंय, त्या डॉक्टरांकडच्या बैठकींचं. वरची चिठ्ठी उंदरांनी खाल्ली, आत कोण गातंय ते त्यालाही माहीत नाही. खोकं परवा माझ्याकडे येतंय. मी अजून कशाला हात लावणार नाही. एकटीने उघडायची हिंमत नाही.

तुझी,
हेमा


सुरत
२८ जानेवारी २०२५

हेमा,

तुझं पत्र हातात घेऊन मी सरळ यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही गाण्याला आला होतात?" तर म्हणाले, "कोणतं गाणं?" म्हटलं, "तपकिरी स्वेटर." तर म्हणाले, "सुरतेत तपकिरी स्वेटर मला एकट्यालाच आहे का?" मग मी तुझं पत्र पुढे धरून तिथेच उभी राहिले. तेव्हा खाली बघून म्हणाले, "मी तुला आणायलाच आलो होतो. मग म्हटलं, जाऊ दे, ही इथे बरी दिसते."

मी आत जाऊन पाण्याचा हंडा विनाकारण दोनदा घासला.

आणि रविवारी विहारात काय झालं ते ऐक. वंदना झाल्यावर बाहेर चपला घालत होतो. सरलाबाई चार बायकांसमोर मोठ्याने म्हणाली, "भावजी, ती मोडलेल्या सोयरिकीची बाई तुमच्याकडे राहून गेली म्हणे?" मी खालीच बघत होते. यांनी दुसरी चप्पल घातली, उभे राहिले आणि म्हणाले, "मोडली ती पोरांची. या दोघींची कुणी मोडली?" हे पुढे म्हणाले, "आणि वहिनी, पुढच्या वेळी त्या आल्या की तुम्हीही गाण्याला चला. तिथे ओरडायची मुभा असते."

हेमा, मी या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिले आणि मला तो त्या दिवशी नवीन दिसला. हसू येतंय, लिहवत नाही.

लोकेश बरा आहे. चैतालीने त्याला कारखान्याच्या रंगांबद्दल काहीतरी माहिती पाठवली, त्याने तिला पुण्याला दोन ड्रेसची कापडं पाठवली. आता ते जेवलीस का विचारत नाहीत, कामाचं बोलतात. बरं वाटतं.

आता खोक्याचं. तू लिहिलंस, हात लावणार नाही. मी ते वाचलं, मार्केटच्या सेठकडून लेस लावायला आलेला साड्यांचा गठ्ठा तसाच बांधून परत पाठवला आणि कळवलं, बाईंची तब्येत बरी नाही. तब्येत अतिशय बरी आहे. पिशवी भरली. यांनी जुना टेपरेकॉर्डर स्वतः पुसून, दोन टॉवेलांत गुंडाळून दिला. तुझा चालला नाही तर असू दे म्हणाले. वर बुवांची मुलतानी ठेवली आहे. मी तुला या वेळी तानेपुढे टेकवीनच. पळायला काय मजा असते ते तुला कळायलाच हवं.

हे पत्र मी सुरत स्टेशनातल्या बाकावर बसून लिहिते आहे. हे शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेत आणि दर मिनिटाला गाडीची पाटी वाचतात. मी म्हटलं, घरी जा आता. म्हणाले, गाडी लागू दे.

लागली! हे पत्र मी इथल्या पेटीत टाकते आणि गाडीत चढते. आम्ही दोघी एकदमच निघालो आहोत, मी आणि पत्र. बघू कोण आधी पोचतं. मीच आधी पोचले तर पोस्टमन आल्यावर माझ्यासमोर बसून मोठ्याने वाच, म्हणजे मला कळेल मी काय काय लिहिलंय.

चंद्रा